भिंत राहिली, प्रती जळाल्या : अजिंठ्याच्या चित्रांची अपरिचित हकिगत

अजिंठ्याचे नाव ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात सहसा सापडणार नाही. शाळेच्या पुस्तकात पद्मपाणीचे चित्र असते आणि अनेक बुद्धविहारांच्या भिंतींवर त्याची तसबीर लावलेली असते. आपल्या समाजातील असंख्य बंधू-भगिनी सहलीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या काठच्या त्या अर्धवर्तुळाकार डोंगरात एकदा तरी जाऊन आलेल्या आहेत. लेणी कोणी खोदली, चित्रांत कोणत्या जातककथा आहेत, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत या चित्रांच्या नकला करण्यासाठी किती माणसांनी आपले आयुष्य वेचले आणि त्या नकलांचे पुढे काय झाले, ही हकिगत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ती जितकी विलक्षण, तितकीच बोधप्रदही आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

चित्रे कशावर काढली आहेत?

ही हकिगत समजण्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अजिंठ्याची चित्रे दगडावर काढलेली नाहीत, ती मातीवर काढलेली आहेत. खडबडीत कातळावर माती, तूस, वनस्पतींचे तंतू व बारीक खडी यांचा गिलावा दिला जाई. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ, गुळगुळीत थर चढवीत आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्रे काढीत. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या दगडाचा हिरवा, काजळीचा काळा असे बहुतेक रंग निसर्गातून मिळणारे होते. निळा रंग तेवढा लाजवर्द नावाच्या मौल्यवान खड्याचा, अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून व्यापारी मार्गाने आलेला. आपल्या खेड्यांतील मातीच्या भिंतीला ओल, वाळवी आणि धक्का यांचे जे भय असते, तेच भय या जगप्रसिद्ध चित्रांनाही आहे. भिंतीला नुसता खांदा घासला तरी दीड हजार वर्षांचा रंग निघून येऊ शकतो.

ही लेणी दोन काळांतील आहेत. लेणी क्र. ९ व १० ही इसवी सनापूर्वीच्या सातवाहन काळातील चैत्यगृहे. बहुतेक इतर लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात घडली. लेणे क्र. १६ हे त्याचा मंत्री वराहदेव याचे दान, तर क्र. २६ हे भिक्खू बुद्धभद्र याचे. मात्र सगळेच दाते मंत्री अथवा धनिक नव्हते. अनेक लहान लहान बुद्धप्रतिमांखाली साध्या भिक्खूंची व उपासकांची नावे असून ‘देयधर्म’ असा शब्द आहे. देयधर्म म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. त्या दानाचे पुण्य केवळ स्वतःला नव्हे, तर सर्व प्राणिमात्रांना लाभावे, अशी इच्छा त्या लेखांतून व्यक्त केलेली आढळते. अशा दानातून ही चित्रे उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

‘शोध’ आणि पहिले ओरखडे

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला व त्याने लेणी पाहिली. यालाच पुस्तकांतून अजिंठ्याचा ‘शोध’ म्हणतात. वास्तविक परिसरातील लोकांना लेणी ठाऊकच होती. स्मिथने लेणे क्र. १० मधील एका खांबावरील चित्रावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या बरेच वर दिसते. त्या वेळी लेण्यात माती व दगडांचा ढीग साचलेला होता आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. अजिंठ्याची जगाला ओळख झाली तीच मुळी एका ओरखड्याने!

पुढे १८२८ साली मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड यांनी लेणे क्र. १७ मधील भवचक्राच्या चित्रातून काही आकृती सोलून काढल्या. आज त्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचा केवळ काही अंशच उरलेला दिसतो. नंतर येणाऱ्या प्रवाशांपैकीही कित्येकांनी आठवण म्हणून चित्रांचे तुकडे नेले. मातीच्या गिलाव्यावरचे चित्र काढू गेल्यास हातात बहुधा चूर्णच येते, पण मोह सुटत नाही.

अशा वेळी जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने १८३९ साली लेणी पाहिली आणि १८४३ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह ईस्ट इंडिया कंपनीकडे धरण्यात आला. येथून प्रतींची कहाणी सुरू होते.

पहिली आग : लंडन, १८६६

१८४४ साली मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल यांची या कामावर नेमणूक झाली. अजिंठा परिसर त्या काळी निजामाच्या राज्यात होता. गिल अजिंठा गावात राहून लेण्यांत काम करीत. अंधार, दमट हवा, वटवाघुळे, मधमाश्या आणि ताप यांना तोंड देत त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले आणि भिंतीवरील चित्रांच्या सुमारे ३० भव्य प्रती तैलरंगात कॅनव्हासवर तयार केल्या. गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकांना ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे परिचित आहेच. अजिंठा गावात पारोची समाधी असून तिच्यावर १८५६ हे तिच्या मृत्यूचे साल आहे.

गिल यांनी पाठवलेल्या प्रती लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहात मांडण्यात आल्या. युरोपातील सामान्य माणसाला बौद्ध चित्रकला अशा रीतीने पाहायला मिळाली. परंतु ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या एका भागाला आग लागली आणि तेथे मांडलेल्या प्रती भस्मसात झाल्या. प्रदर्शनात नसलेल्या मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या. वीस वर्षांची मेहनत एका दिवसात संपली.

गिल यांनी कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र उरली. १८६४ साली ती फर्ग्युसन यांच्या लेखनासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. पुस्तकाच्या अनेक प्रती अनेक घरांत गेल्या होत्या, म्हणून ती टिकली. कॅनव्हास मात्र एकाच छताखाली होते. हा फरक पुढेही महत्त्वाचा ठरणार आहे. गिल १८७९ साली वारले व त्यांचे दफन भुसावळ येथे झाले.

दुसरी आग : लंडन, १८८५

पहिल्या प्रती गेल्यावर सरकारने पुन्हा प्रती करण्याचे ठरवले. या खेपेस काम सोपवण्यात आले मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स यांच्यावर. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये काही वर्षांचा खंड पडूनही, ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात अजिंठ्यास जात. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा ही या विद्यार्थ्यांपैकी काही नावे. ग्रिफिथ्स यांचे नाव जगभर झाले, पण भिंतीसमोर दिवसभर उभे राहून रेघन् रेघ उतरवणारे हात पुष्कळसे आपल्याच मुंबईतल्या तरुणांचे होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. या मंडळींनी तीनशेच्या आसपास प्रती तयार केल्या.

त्या प्रतीही लंडनलाच गेल्या आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवण्यात आल्या. १८८५ साली तेथेही आग लागली! अनेक प्रती जळाल्या व कित्येकांची हानी झाली. एकोणीस वर्षांत एकाच शहरात, एकाच लेण्यांच्या प्रती दुसऱ्यांदा आगीत सापडाव्या, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. सुदैवाने या वेळी बऱ्याच प्रती वाचल्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर भिंतीवरून जे भाग गळून पडले, ते कसे होते हे पाहावयाचे असेल तर आज या प्रतींचाच आधार घ्यावा लागतो.

मात्र या प्रयत्नाला दुसरी बाजूही आहे. चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून या काळात भिंतीवर व्हार्निश चढवले गेले. तात्पुरता उठाव आला, परंतु कालांतराने व्हार्निश काळवंडले आणि त्यावर धूळ व काजळी बसत गेली. चित्र वाचवण्यासाठी केलेल्या प्रतीने चित्रालाच इजा पोचवली.

कलकत्त्याचे तरुण

यानंतर १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्यास तळ दिला. जुन्या इटालियन चित्रपद्धतीचा त्यांचा गाढा अभ्यास होता. त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे तरुण आले, तर हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. त्यांच्या प्रतींचा संग्रह १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केला.

येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अजिंठ्याच्या अंधारात शिडीवर उभा राहून रेषा शिकणारा हाच तरुण, नंदलाल बोस, पुढे शांतिनिकेतनात आचार्य झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम याच नंदलालबाबूंनी आपल्या विद्यार्थ्यांसह केले. त्या प्रतीतील चित्रांत तथागतांच्या जीवनातील प्रसंगही आहे. अजिंठ्याची रेषा अशा मार्गाने संविधानाच्या पानापर्यंत येऊन पोचली.

तिसरी आपत्ती : टोकियो, १९२३

रवींद्रनाथ ठाकुरांच्या जोडासांकोच्या वाड्यातील ‘विचित्रा’ या कलाकेंद्रात जपानी चित्रकला शिकवण्यासाठी १९१६ साली अराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार भारतात आले. जपान हा बौद्ध परंपरेचा देश. आपल्या धर्मचित्रांचा मूळ झरा भारतात आहे, ही जाणीव तेथील कलावंतांना होती. अराई यांनी १९१७-१८ च्या हिवाळ्यात आपल्या सहकाऱ्यांबरोबर अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रती केल्या. त्या प्रती जपानला नेऊन टोकियोच्या विद्यापीठात ठेवण्यात आल्या.

१ सप्टेंबर १९२३ रोजी जपानमध्ये महाभयंकर भूकंप झाला. त्यापाठोपाठ उठलेल्या आगींत टोकियो शहराचा फार मोठा भाग जळाला. विद्यापीठातील त्या प्रतीही गेल्या. अजिंठ्याच्या प्रतींवर ओढवलेली ही तिसरी आपत्ती. इकडे मातीच्या गिलाव्यावरील मूळ चित्रे मात्र सह्याद्रीच्या कुशीत, जखमी होऊनही, उभीच होती.

आणि चौथी आग : होर्युजी, १९४९

या हकिगतीचा शेवटचा भाग सर्वांत विलक्षण आहे. जपानमध्ये नारा शहराजवळ होर्युजी नावाचे प्राचीन बुद्धविहार आहे. त्याच्या मुख्य मंडपाची, म्हणजे कोंडोची, इमारत जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक समजली जाते. त्या मंडपाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीची सुंदर चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वाची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करीत आले आहेत.

१९४० साली या चित्रांच्या अचूक प्रती करण्याचे काम सुरू झाले, आणि त्यासाठी निवडलेल्या प्रमुख चित्रकारांत अजिंठ्याहून गेलेले तेच अराई काम्पो होते. युद्धाच्या धामधुमीतही काम चालले. १९४५ साली अराई वारले, पण इतरांनी काम चालू ठेवले. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्या मंडपात आग लागली. थंडीपासून बचावासाठी चित्रकार वापरीत असलेल्या विजेच्या गरम उशीमुळे ती लागली असावी असे मानले जाते, जरी कारण निर्विवाद ठरले नाही. त्या वेळी दुरुस्तीसाठी इमारतीचा वरचा भाग उतरवून ठेवलेला होता, म्हणून तो बचावला. परंतु खालच्या भिंतींवरील बाराही मोठी चित्रे करपून गेली. रंग उडाले आणि आकृतींच्या काळपट छाया तेवढ्या उरल्या.

जगाच्या दोन टोकांना नेमके उलट घडले. अजिंठ्याच्या प्रती जळाल्या व मूळ चित्रे राहिली. होर्युजीला मूळ चित्रे जळाली व प्रती राहिल्या. चित्रकारांनी केलेल्या प्रती आणि १९३५ साली काचेच्या तबकड्यांवर घेतलेली मूळ आकाराची छायाचित्रे यांच्या आधारे १९६७-६८ मध्ये जपानी चित्रकारांनी ती भिंतचित्रे नव्याने काढून मंडपात बसवली. करपलेल्या मूळ भिंतीही टाकून न देता स्वतंत्र इमारतीत जपून ठेवल्या आहेत. जपानने १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी कायदा केला. २६ जानेवारी हा दिवस तेथे १९५५ पासून वारसा-वास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. जो दिवस आपण संविधानाचा म्हणून साजरा करतो, त्याच तारखेला जपानमधील विहारांत आग विझवण्याचा सराव होतो.

चपड्याचा थर आणि संयमाचे काम

इकडे अजिंठ्यास निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावण्यात आले. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनी मागे चिकट द्रव्य भरून पुन्हा बसवला आणि त्याच्या कडा पक्क्या केल्या. यामुळे पुष्कळ चित्रे पडता पडता वाचली. परंतु वरून त्यांनी चपड्याचा थर दिला. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाखेपासून तयार होणारा जो चपडा वापरतात, तोच. चपडा काही वर्षांनी पिवळा व तपकिरी पडतो. निळा-हिरवा रंग त्याखाली झाकोळला आणि अजिंठ्याची चित्रे मुळातच तपकिरी आहेत, असा कित्येकांचा समज झाला!

तो थर उतरवण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी हाती घेतले. १९९९ नंतर लेणे क्र. ९ व १० मध्ये झालेल्या स्वच्छतेतून काजळी व चपड्याखाली दडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आकृती पुन्हा दिसू लागल्या. हे काम वितावितांनी पुढे सरकते. घाई केली तर चपड्याबरोबर रंगही निघून येतो.

आपण काय घ्यावे?

या साऱ्या हकिगतीतून आम्हांस दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात.

पहिली, प्रत कितीही उत्तम असली तरी ती मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही. १९८३ साली अजिंठ्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला म्हणून मातीचा गिलावा काही दगडाचा झाला नाही. माणसांच्या श्वासातील ओल, अंगाची उष्णता, उडणारी धूळ आणि हाताचा स्पर्श हे त्याचे आजचे शत्रू आहेत. म्हणूनच गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबवून तेथून बसने जावे लागते, चित्रांच्या लेण्यांत ठरावीक संख्येनेच आत सोडतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत. आपल्या विहारांतून, महिला मंडळांतून, वसतिगृहांतून सहली जातात. त्या वेळी जाणत्या मंडळींनी मुलांना आधीच हे समजावून सांगावे. भिंतीला हात लावू नये, खांबाला टेकू नये, आणि जॉन स्मिथप्रमाणे आपले नाव तर मुळीच कोरू नये. भिक्खू-उपासकांनी आपले नाव लिहिले ते दान दिल्यावर. काही न देता नाव लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत आपत्तीत मूळ वस्तूइतकीच असहाय असते. गिल यांचे कॅनव्हास गेले, पण पुस्तकातील छायाचित्रे राहिली. होर्युजी जळाले, पण काचेच्या तबकड्या वाचल्या. आपल्याकडेही जुन्या विहारांच्या ट्रंकांतून धम्मदीक्षेच्या काळातील छायाचित्रे, सभांची हस्तपत्रके, जलसेकारांच्या गाण्यांच्या वह्या, संस्थांची इतिवृत्ते पडून आहेत. ओल आणि वाळवी त्यांनाही सोडत नाही. त्यांच्या दोन-तीन प्रती कराव्यात, त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येक छायाचित्रामागे व्यक्तींची नावे व साल लिहून ठेवावे. मोबाइलने छायाचित्र काढणे आता कोणत्याही तरुणाला सहज जमते. वडीलधाऱ्यांनी माहिती सांगावी आणि तरुणांनी ती टिपून घ्यावी.

अजिंठ्याच्या दात्यांनी पुण्य सर्वांसाठी मागितले. चित्रकारांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. नंतर आलेल्या गिल, ग्रिफिथ्स, पेस्तनजी, नंदलाल, अराई यांनी आपल्या परीने ते दान पुढच्यांपर्यंत पोचवण्याची धडपड केली. आता ती पाळी आपली आहे.